पार्टी बघून गेली

"मॅडम, मार्केट डल आहे, काढून टाका," असं एजंट मला सोमवारी म्हणाला. गुरुवारी तोच आमच्या ह्यांना म्हणाला, "घाई कशाला साहेब, मार्केट उठतंय." तीन दिवसांत नेमकं काय उठलं हे विचारायला मी फोन लावला, तर शांतपणे म्हणतो, "तुम्ही विकायचं म्हणून विचारताय की घ्यायचं म्हणून?" तेव्हापासून या विषयातलं मला बरंच कळायला लागलं आहे.

डोंबिवली पूर्वेच्या आमच्या जागेबद्दल या सदरात दोनदा लिहून झालंय. एकदा गळतीबद्दल, एकदा गळती काढायला आलेल्या माणसाबद्दल. तीच ती. दुसरा मजला, वन रूम किचन, १९९० मध्ये पावणेदोन लाखांना घेतलेली. आम्ही पुण्याला आलो त्याला एकोणीस वर्षं झाली. दोन भाडेकरू येऊन गेले, आता कुलूप आहे. दर दिवाळीला 'यंदा विकून टाकू' असा ठराव होतो आणि संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर विरघळतो.

हिशेब एकदाचा सांगून मोकळी होते. जुलै २०२४ पासून घर विकून झालेल्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे आणि महागाईची वजावट गेली. ज्यांनी त्याआधी घर घेतलं त्यांना जुन्या पद्धतीनं, म्हणजे महागाई वजा करून वीस टक्क्यांनी, आकडा काढून बघता येतो. कमी येईल तो भरायचा. जागा २००१ च्या आधीची असल्यानं आम्हाला १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, त्यासाठी व्हॅल्युअरचं सर्टिफिकेट घ्यायचं. दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा सहा महिन्यांत ठरावीक सरकारी बाँडमध्ये पाच वर्षं पैसे अडकवले, तर कर वाचतो. आमचे सीए म्हणाले, करासाठी थांबू नका. त्यांनी स्वतः विरारचा फ्लॅट बारा वर्षं रिकामा ठेवलाय, हे मला त्यांच्या बायकोकडून कळलं.

थांबायला कारणं डोंबिवलीत कधीच कमी पडत नाहीत. माणकोलीचा पूल होऊ दे म्हणून थांबलो, पूल झाला. नवी मुंबईचं विमानतळ होऊ दे म्हणून थांबलो. विमानं उडायला लागली. आता ऐरोली-काटई रस्ता आहे, कल्याण-तळोजा मेट्रो आहे. शिवाय रिडेव्हलपमेंट. सोसायटीत त्याची पहिली मीटिंग झाली तेव्हा सेक्रेटरींचा मुलगा सातवीत होता. हल्ली तोच सेक्रेटरी आहे. जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर, डीम्ड कन्व्हेयन्सची फाइल कुणाच्या तरी कपाटात. जादा कार्पेट, कॉर्पस, बाहेर राहायचं भाडं, सगळं मिळणार आहे. बिल्डर बदलत जातात, मीटिंगमधला सामोसा तोच असतो.

तर गेल्या रविवारी सकाळच्या सिंहगडनं कल्याण आणि तिथून लोकलनं डोंबिवली गाठली. एजंट पार्टी घेऊन येणार होता. नवरा-बायको, तिशीच्या आतले, दिव्याला भाड्यानं राहतात.

किल्ली समोरच्या काकूंकडे असते. एकोणीस वर्षं असते. या काळात आमच्या जागेत त्यांच्या भाच्याचं वऱ्हाड झोपलं, नातवानं दहावीचा अभ्यास केला, गणपतीत त्यांचं जास्तीचं सामान राहिलं. मला दर वेळी नंतर कळलं आणि कधी राग आला नाही. बंद घराला वास येतो, माणसं असलेली बरी. पण यावेळी दार उघडलं तर हॉलभर पापड. उडदाचे, चार किलोंचे तरी असतील. खाली जुन्या साड्या पसरलेल्या. त्यातली जांभळी माझी.

"अगं, गच्चीला कुलूप लावलंय मेल्यांनी," काकू म्हणाल्या. "आणि उडदाचे पापड उन्हात वाळवत नाहीत, वाकडे होतात. तुझा हॉल सावलीचा, पंखा चांगला. असा हॉल नाही मिळायचा."

एजंटचा चेहरा खुलला. जाहिरातीत लिहावं असं वाक्य होतं. पार्टी भिंतीला धरून, पापडांच्या कडेकडेनं स्वयंपाकघरात गेली. मुलानं भिंतीवर टकटक केलं. मुलगी म्हणाली, पाणी किती वाजता येतं?

"साडेसहा ते सात," काकू म्हणाल्या. "वरच्यांनी मोटर लावली की तेही नाही. पावसाळ्यात त्या कोपऱ्यात बादली ठेवायची. निळी ठेव, तिचं तोंड मोठं आहे."

एजंट खोकला. मी काकूंना डोळ्यांनी खुणावलं. त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "खुणा काय करतेस? खोटं सांगून शेजार आणायचा का?"

मग मुलाखत सुरू झाली, पण पार्टीची. गाव कुठलं, नोकरी कुठे, लोकल कितीची, घरी यायला किती वाजतात, माहेर जवळ आहे का. आम्ही दोघं आणि एजंट दाराशी उभे, जणू आम्हीच जागा बघायला आलोय. मुलगी उत्तरं देता देता खाली बसली आणि पापड उलटायला लागली. सराईत हात होता. सोलापूरकडची निघाली.

"दोघं दिवसभर बाहेर," काकू म्हणाल्या. "मग किल्ली कुणाकडे ठेवणार?"

"तुमच्याकडेच की," मुलगी म्हणाली.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "देऊन टाक गं यांना," म्हणाल्या. "चांगली आहेत."

आता वाचकहो, छत्तीस ठरले होते. फोनवर ठरले होते, ह्यांच्यासमोर ठरले होते, आणि एजंटनं त्याच आकड्यावर पार्टीला लोनसाठी बँकेत पाठवलं होतं. मुलानं हळूच विचारलं, "मग फायनल किती?" आणि माझ्या तोंडून आवाज आला, "एकोणचाळीस."

मुलगी पापड हातात धरून तशीच थांबली. एजंट म्हणाला, "मॅडम, असं काय करता? परवाच तर..."

"मार्केट उठतंय," मी म्हणाले.

ती दोघं विचार करून कळवतो म्हणून गेली. काकू काही बोलल्या नाहीत, त्यांनी निम्मे पापड पिशवीत घालून माझ्या हातात दिले आणि दाराला कुलूप लावून किल्ली नेहमीप्रमाणे कमरेला खोचली. परतीच्या गाडीत हे कर्जतपर्यंत गप्प होते. तिथे वडापाव घेतला, तो खाऊन झाल्यावर म्हणाले, "तुझी जांभळी साडी तिथेच राहिली."