आधी गोगलगाय

भोर-वेल्ह्याच्या देवराईत शेवाळाची आठवण होते ती पाय घसरल्यावर आणि गोगलगायीची, पायाखाली कवच फुटल्यावर. बिबट्याच्या नावाने निधी निघतो. या दोघांची साधी मोजणीही होत नाही. युरोपने २०१९ मध्ये आपल्याकडची मॉसवर्गीय शेवाळे मोजली, तेव्हा पाचातले एक धोक्यात निघाले. गोगलगायींचे त्याहून वाईट. गेल्या पाचशे वर्षांत नामशेष झाल्याची नोंद असलेल्या प्राण्यांत सर्वाधिक भरणा मृदुकायांचाच आहे.

दोघांत डावे-उजवे करणे अनेकांना रुचणार नाही. पण पैसा आणि माणसे तोकडी असली की ते करावेच लागते, आणि आमचे मत गोगलगायीला. चैत्रात कातळावरचे मॉस काळे, कुरकुरीत पडते. गेलेच असे वाटते. वळवाची एक सर आली की पुन्हा हिरवे. शिवाय त्याचे बीजाणू वाऱ्यावर डोंगर ओलांडतात. गोगलगायही कवचाच्या तोंडावर पापुद्रा ओढून ओंडक्याखाली, पाचोळ्यात उन्हाळा काढते. मात्र वणवा आला तर तिला पळता येत नाही. एका राईतली गोगलगाय संपली की जळका उतार आणि डांबरी रस्ता ओलांडून दुसऱ्या राईतली तिथे पोचत नाही. (धबधब्याच्या तुषारांवरच जगणाऱ्या मॉसला हा हिशेब लागू नाही, हे मान्य.)

शेतकऱ्याला तिचा पुळका कसा यावा? २०२२ मध्ये लातूर, बीडकडे गोगलगायींनी सोयाबीन फस्त केले. पण ती शंखी गोगलगाय मूळची आफ्रिकेची, १८४७ मध्ये कोलकात्यात आणून सोडलेली. राईतल्या बहुतेक गोगलगायी कुजका पाचोळा आणि बुरशीवर जगतात.

वणवे सगळेच खोडसाळपणाचे नसतात. भात-नाचणीचा राब भाजताना ठिणगी निसटते. जाळले की गवत जोमाने येते, ही समजूतही जुनी. त्यात जीर्णोद्धाराची हौस! जननी-वाघजाईच्या दगडी ठाण्याभोवती फरशी, पत्र्याचा मंडप, आणि स्वच्छता म्हणून पाचोळ्याची होळी. राजगड २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, वेल्हे तालुक्यालाही त्याचेच नाव मिळाले. आता तटावरचे शेवाळ खरवडायची घाई होईल. ते परत येईल. त्याची आम्हाला तितकी काळजी नाही.

वन विभागाने जानेवारीतच राईंभोवती जाळरेषा काढाव्यात. आणि ग्रामसभांनी जीर्णोद्धाराच्या ठरावात एक ओळ घालावी: राईत पडलेला ओंडका उचलायचा नाही.