हॅमस्टरला गादी नको, जमीन द्या!

मंडळी, आज जरा चिडूनच लिहितोय.

शुक्रवारी ऑफिसातल्या एका मित्राकडे गेलो होतो. लेकीसाठी त्याने हॅमस्टर आणलाय. छोटासा रंगीत पिंजरा, तळाला बोटभर भुसा आणि कोपऱ्यात कापसासारखं मऊ काहीतरी. "रात्रभर गज कुरतडतो बघ, फार खेळकर आहे!" मित्र कौतुकाने सांगत होता.

मला मात्र माझा पहिला हॅमस्टर आठवला. त्यालाही मी दुकानदाराने दिलेला तसलाच 'कापूस' घातला होता. एका सकाळी पाहिलं तर मागच्या पायाला धागे आवळून बसलेले. पाय वाचला नाही. दुकानदाराला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं... पण साधा हेडफोन घेताना तीन रात्री रिव्ह्यू वाचणारा मी, तेव्हा काय वाचलं होतं? काहीच नाही!

हे धागे ओढले तरी तुटत नाहीत. गिळले तर आतडं तुंबू शकतं. घरट्यासाठी बिनवासाचा साधा टिश्यू पेपर फाडून टाका, पुरतो. सुताराकडचा फुकटचा भुसाही नको. त्यात बारीक धूळ असते, प्लायवूडचा डिंक असतो. देवदार आणि कच्च्या पाइनमधली वासाची द्रव्यं श्वसनाला त्रास देतात. 'सुगंधी' बेडिंग तर फक्त आपल्या नाकासाठी! कागदी बेडिंग किंवा अॅस्पेनचे धूळ काढलेले छिलके, एवढंच घ्या.

आणि किती? इथेच सगळे चुकतात. सीरियन हॅमस्टर मूळचा अलेप्पोच्या आसपासचा. तिथली रानटी बिळं मोजून 2001 साली निष्कर्ष छापले गेले: खोली 36 ते 106 सेंमी, सरासरी 65. पुढे 2006 साली स्विस संशोधकांनी हॅमस्टरना 10, 40 आणि 80 सेंमी बेडिंगमध्ये ठेवून पाहिलं. गज सर्वात जास्त कुणी कुरतडले? 10 सेंमीवाल्यांनी. म्हणजे आपण ज्याला खेळकरपणा म्हणतो, ती त्या जिवाची घुसमट आहे.

"अरे, पण एवढं बेडिंग महाग पडतं!" हो, पडतं. पण दर आठवड्याला सगळं बदलायचं नसतंच. ओला झालेला भाग तेवढा काढायचा. निदान 25-30 सेंमीचा थर, मध्ये थोडं वाळलं गवत, आणि हाताने नीट दाबायचं, म्हणजे बोगदा ढासळत नाही. एवढंही परवडत नसेल तर सॉफ्ट टॉय घ्या ना राव! त्याला बीळ लागत नाही.

हे सगळं मी मित्राला तावातावाने ऐकवलं. तो गप्प. लेकीने मात्र विचारलं, "काका, म्हणजे तो रोज रात्री बाहेर काढा म्हणत होता?"

यावर काय बोलणार?

असो. उद्या सकाळी आम्ही तिघं जुनी, मोठी काचेची टाकी शोधायला निघतोय.