पोवळी पाहावयास जाण्यापूर्वी

सुट्टी जवळ आली म्हणजे कोठे जावे याची चर्चा घरोघर सुरू होते. पूर्वी पनवेलकरांची ही चर्चा माथेरान, महाबळेश्वर किंवा मुलांचे आजोळ एवढ्यावरच आटोपत असे. हल्ली तिच्यात मालवणची भर पडली आहे, आणि तीही किल्ला अगर किनारा पाहण्याकरिता नव्हे, तर समुद्राच्या पोटातील प्रवाळे पाहण्याकरिता. डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात श्वासाची नळी आणि खाली रंगीबेरंगी माशांचा थवा, अशी चित्रे मुले पाहतात व आईवडिलांच्या मागे लागतात. पाण्यावर पालथे तरंगत तळ न्याहाळण्याच्या या प्रकारास स्नॉर्केलिंग म्हणतात.

मुलांची ही हौस चांगली आहे. आपल्या खाडीच्या गढूळ पाण्यात हातभर खालचेही दिसत नाही; तेव्हा समुद्राचा तळ एकदा तरी डोळ्यांनी पाहावा असे कोणास वाटणार नाही? शिवाय जाणेही आता अवघड राहिलेले नाही. कोकण रेल्वे १९९८ साली संपूर्ण मार्गावर सुरू झाली, तेव्हापासून रात्री पनवेलला गाडीत बसावे व सकाळी कुडाळला उतरावे इतके हे सोपे झाले आहे. कुडाळहून मालवण सुमारे तीस किलोमीटर. कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ तर आपल्या पनवेलपासूनच निघतो. म्हणून जावे की न जावे हा प्रश्न मी येथे काढीत नाही. कोणत्या तयारीने जावे, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. ज्यास पाण्यावर स्वस्थ तरंगता येत नाही, त्याने प्रवाळांवर उतरू नये. मग तो बालक असो, वा त्याचा पिता असो.

हे मत काहींस कठोर वाटेल. म्हणून प्रथम प्रवाळ म्हणजे काय ते पाहू. पुष्कळांस ते दगड वाटते, कित्येकांस वनस्पती वाटते. वस्तुतः प्रवाळ हा प्राणी आहे. असंख्य इवलेसे मऊ जीव एकमेकांस चिकटून राहतात व आपल्या खाली चुन्याचे घर बांधीत जातात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते व त्यातील मोठा वाटा यजमानास देते. प्रवाळाचा बहुतेक रंगही या शैवालाचाच. अंगठीत बसवितात ते तांबडे पोवळे याच्याच गोतातले, परंतु निराळे; ते भूमध्य समुद्रातून येत आले आहे.

या घरांचे बांधकाम अतिशय मंद असते. मालवणास आढळणाऱ्या गोलसर, भरीव जातीचे प्रवाळ वर्षास फार तर सेंटिमीटरभर वाढते. म्हणजे एखादा विद्यार्थी पाचवीत शाळेत आला व दहावी होऊन बाहेर पडला, तरी तेवढ्या अवधीत त्याची वाढ पाचसहा सेंटिमीटरच. दोन वीत उंचीचा गड्डा दिसला, तर तो पाहणाऱ्या मुलाच्या वडिलांएवढा वयस्क असू शकतो, हे ध्यानात ठेवावे. एक पाऊल पडावयास क्षणही लागत नाही; त्या पावलाखाली मोडलेले भरून यावयास मात्र आयुष्य लागते.

मालवणची प्रवाळे विस्तीर्ण नाहीत. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम आरंभिले. त्या किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर ती तुकड्यातुकड्यांनी वसली आहेत. हा समुद्रभाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, म्हणजे लहानच. या लहानशा जागेवर सुट्ट्यांच्या दिवसांत किती नौका व किती पावले येतात, हे तेथे जाऊन आलेल्यांस सांगावयास नको. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या गोव्यातील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाण्याखाली हौसेने उतरणाऱ्या पर्यटकांमुळे मालवणच्या प्रवाळांस इजा पोहोचत असल्याचे दाखविले आहे.

ही इजा कोणी द्वेषाने करीत नाही. ती भीतीने होते. पोहता न येणाऱ्या मनुष्यास तरंगण्याचे जाकीट घालून पाण्यात सोडले, की त्याची छाती वर राहते व पाय खाली लोंबू लागतात. नळीत दोन थेंब पाणी शिरले, मुखवट्यावर वाफ धरली, की तो गडबडतो आणि उभे राहावयास आधार शोधतो. उथळ पाण्यात तो आधार म्हणजे प्रवाळच. पोहणारा मनुष्य अशा वेळी पाठीवर होतो, नळी फुंकून मोकळी करतो व पुन्हा पालथा होतो. दोघांमध्ये सज्जनपणाचा भेद नाही. भेद आहे तो तीन महिन्यांच्या सवयीचा.

आणि जे प्रवाळास हिताचे, तेच मुलांच्या जिवासही हिताचे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची नौका उलटून प्राणहानी झाली, हे पालकांनी विसरू नये. पोहता येणे म्हणजे संकटातून हमखास सुटका नव्हे. म्हणून उत्तम पोहणाऱ्यानेही नौकेत पाऊल ठेवण्यापूर्वी जाकीट घालावे व बंद आवळून घ्यावेत. परंतु पाण्याची भीती मोडलेले मूल संकटात सांगितलेले ऐकते, आणि भ्यालेले मूल जवळच्यास मिठी मारते, एवढा फरक सर्वांच्या अनुभवाचा आहे.

तेव्हा तयारी पनवेलमध्येच सुरू झाली पाहिजे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण गाडीच्या साठ दिवस अगोदर उघडते, म्हणून तिकिटाची आठवण सर्वांस साठ दिवस अगोदर होते. पोहण्याची आठवण नव्वद दिवस अगोदर व्हावी. आपले गाव वडाळे, कृष्णाळे अशा तळ्यांचे, तरी निश्चिंतपणे पोहणारी मुले येथे थोडीच. शिकावयाचे ते तळ्यात नव्हे, तर शिक्षकाच्या देखरेखीखाली, बांधीव तलावात. विशेषतः मातांनी शिकावे असे मी आग्रहाने म्हणेन. बालपणी मुलग्यांस पाण्यात ढकलले गेले, मुलींस काठावर बसविले गेले. त्यामुळे आजही सहलीत वडील व मुले पाण्यात, आणि आई कपड्यांची गाठोडी सांभाळीत वाळूवर, असे दृश्य दिसते. सहल कुटुंबाची असेल तर ते बदलावयास हवे.

कसोटी अवघड नाही. जाकीट न घालता, तळास वा कडेस स्पर्श न करता, दहा मिनिटे तलावात स्वस्थ तरंगता यावे. नंतर मुखवटा व नळी लावून तोंडाने सावकाश श्वास घेण्याचा सराव करावा. हे ज्यास साधले, तो मालवणास उतरण्यास योग्य झाला.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला व पाणी गढूळ असते, म्हणून तेव्हा हा बेत मनातही आणू नये. पावसाचा गाळ खाली बसल्यावर, म्हणजे नाताळच्या सुमारास, पाणी बरेच स्वच्छ मिळते. वारा पडलेला असतो तेव्हा सकाळी लवकर उतरावे. उन्हापासून रक्षणाकरिता अंगास मलम चोपडण्यापेक्षा लांब बाह्यांचा अंगाबरोबर बसणारा सदरा घालावा. प्रवाळांस अपायकारक समजल्या जाणाऱ्या काही द्रव्यांची मलमे विकण्यास हवाई बेटांत २०२१ पासून बंदी आहे. माशांस पाव टाकू नये. प्रवाळाचा तुकडा, मोडका असला तरी, आठवण म्हणून आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने खडक बांधणाऱ्या प्रवाळांस संरक्षण दिले आहे, आणि तो घेणे गुन्हा होय.

नौकावाल्याशी भाव करताना चार पैसे कमी करण्याऐवजी चार प्रश्न अधिक विचारावेत. एका वाटाड्याबरोबर किती माणसे उतरवितोस? नांगर कोठे टाकतोस, वाळूवर की खडकावर? प्रत्येकास मापाचे जाकीट आहे काय? गिऱ्हाइकांनी हे विचारावयास लागल्यावर, जो थोडी माणसे नेतो व सांभाळून नेतो त्याचा धंदा चालेल. आपण केवळ स्वस्ताई पाहिली, तर गर्दी करणाराच टिकेल. या उद्योगावर तेथील पुष्कळ कुटुंबे पोट भरतात, आणि प्रवाळे राहिली तरच त्यांचा हा उद्योग राहील.

यावर एक आक्षेप वजनदार आहे, तो टाळणे योग्य नव्हे. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने अधिक तापून तसेच काही आठवडे राहिले, तर प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकते व पांढरे पडते; ताप लांबला तर मरते. जगभर असा प्रकोप चौथ्यांदा चालू असल्याचे शास्त्रज्ञांनी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले, आणि मालवणच्या समुद्रातही प्रवाळे अशी पांढरी पडल्याची नोंद आहे. मग एवढ्या मोठ्या अरिष्टापुढे एका मुलाच्या पावलाचे काय? माझे उत्तर असे की, घरात कोणी तापाने फणफणले असता आपण त्याच्या खोलीत पाऊल हळू टाकतो. ताप आपल्या हातचा नसतो, पाऊल असते. जे प्रवाळ उष्णतेतून कसेबसे वाचले, ते आपल्या टाचेखाली मोडू नये.

दुसरे कोणी म्हणतील, एवढा खटाटोप करावयाचा तर लक्षद्वीप किंवा अंदमान का नको? तेथील प्रवाळे अधिक समृद्ध आहेत हे खरे; पण कसोटी तेथेही हीच. आणि विजयदुर्गापासून सुमारे १०० किलोमीटर आत, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा जो आंग्रिया बँक नावाचा बुडालेला उंचवटा आहे, तो खोल पाण्याखाली आहे. कुटुंबाच्या सहलीचे ते स्थळ नव्हे. पहिल्या दर्शनास मालवण पुरेसे आहे.

घरातील ज्यांस ही कसोटी उतरता आली नाही, त्यांनी खट्टू होऊ नये. आजीआजोबांनी व लहानग्यांनी किल्ला पाहावा, तटावरून भोवतालचे खडक व त्यांवर फुटणाऱ्या लाटा पाहाव्यात, पाण्यातून आलेल्यांकडून तेथील हकीकत ऐकावी. पुढच्या वर्षी त्यांतील धाकटे स्वतः उतरतील.

विद्यार्थिमित्रांनो, नाताळात मालवणास नेण्याचा हट्ट धरावयाचा असेल तर तो अवश्य धरा. परंतु सप्टेंबरात धरा, आणि प्रथम पोहण्याच्या वर्गात नाव घालण्याचा धरा. आपल्याबरोबर आईचेही नाव घालावयास विसरू नका.