अमानत आणि ‘चुकून आलेले’ पैसे

धानोऱ्यात सीआरपीएफचा तळ आहे. त्यामुळे जुनी मोटारसायकल ऑनलाइन विकणाऱ्याला ‘मी जवान बोलतोय’ असा फोन आला, तर संशय येत नाही. मग बँकेच्या नावाने खोटा मेसेज, मागोमाग दुसरा फोन: भाई, चुकून जास्त गेले, वरचे परत करा.

लोक म्हणतात, लालची माणूस फसतो. इथे उलट आहे. दुसऱ्याचा पैसा हराम, म्हणून हा घाईने परत करतो. सूरह निसामध्ये अमानत हक्कदाराला द्यायला सांगितलं आहे; पण हक्कदार कोण, हे फोनवरचा आवाज ठरवणार का? आधी खात्यातली शिल्लक पाहा. खरंच जास्त आले असतील, तर बँकेला कळवा.

आणि फसलेल्याला हसू नका. शरमेपायी तो १९३० वर फोन करायला उशीर करतो, तोवर पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात.