पहिला ट्रॅक्टर, चढावरचा

कार घेताना आपण काय बघतो? मायलेज, म्युझिक सिस्टिम, रंग आणि शेजाऱ्यांचा चेहरा! ट्रॅक्टर घेताना मात्र सगळ्यात आधी बघायची ती जमीन. आणि ती कोकणातली असेल, तर जमिनीचा उतार.

विषय निघायचं कारण, आमच्या घरात सध्या ट्रॅक्टर-पर्व चालू आहे. संगमेश्वर तालुक्यात आमची वडिलोपार्जित जागा आहे. वर कातळ, मध्ये आंब्याची कलमं, खाली भाताची खाचरं. बैलजोडी केव्हाच गेली, गडीमाणसं मिळत नाहीत आणि बासष्ट वर्षांचे काका एकटे किती करणार? म्हणून पुणे, ठाणे, बंगळुरूतल्या आम्ही चुलत भावंडांनी काँट्रिब्युशन काढलं. फॅमिली ग्रुपवर पहिलाच मेसेज आला, 'पन्नास एचपीचाच घेऊ, एकदम दणकट!'

बॉस, जरा थांबा. 50 एचपीचं धूड देशावर उसाची ट्रॉली ओढायला झकास. आमच्या खाचरात ते वळणारच नाही, आणि वळलंच तर बांध राहणार नाही. तेव्हा ब्रोशर उघडण्याआधी टेप घ्या. गडग्यातली वाट किती फूट, पाणंद किती रुंद, सगळ्यात छोटं खाचर केवढं, हे मोजा. अर्धी मॉडेल्स तिथेच बाद होतात.

मग कामांची यादी. नुसती एक-दोन एकर भातशेती असेल, तर 13 एचपीच्या आसपासचा पॉवर टिलर पुरतो. तो खाचरातून खाचरात उतरवता येतो आणि चिखलणीही छान करतो. पण बागेत फवारणी, गवतकापणी, आंब्याचे क्रेट आणि चिरे वाहायचे असतील, तर मिनी ट्रॅक्टर हवा. महिंद्रा जिवो 245 किंवा कुबोटा निओस्टार बी 2441 ही या वर्गातली उदाहरणं : दोन्ही 24 एचपी, दोन्ही फोर व्हील ड्राइव्ह.

फोर व्हील ड्राइव्ह ही इथे चैन नाही. चढावर पकड मिळते हे तर झालंच, पण खरी गंमत उतारावर आहे. ट्रॅक्टरचे ब्रेक साधारणपणे मागच्या चाकांना असतात. फोर व्हील टाकला की इंजिनाचा आवर पुढच्या चाकांनाही मिळतो. अर्थात उतार लागण्याआधीच लो गिअर टाकायचा. न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याची आयडिया शहरातच ठेवून या. डावा-उजवा असे दोन ब्रेक पेडल असतात. उतारावर आणि रस्त्यावर ते खटक्याने जोडूनच ठेवायचे, नाहीतर एकच चाक धरतं आणि गाडी गरकन फिरते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चढावर ट्रॅक्टर बाजूला कलंडतो किंवा पुढची चाकं उचलून मागे उलटतो. मागे उलटायला एक-दोन सेकंद पुरतात, उडी मारायलासुद्धा वेळ मिळत नाही. यावर उपाय म्हणजे सीटमागची लोखंडी कमान, म्हणजेच रोल बार, आणि सोबत सीटबेल्ट. स्वीडनने 1959 साली नव्या ट्रॅक्टरला अशी संरक्षक चौकट सक्तीची केली. आपल्याकडच्या छोट्या ट्रॅक्टरवर ती बरेचदा नसतेच. मागून घ्या, पैसे जास्त पडले तरी घ्या. फांद्या खाली असतील तर दुमडणारी घ्या, पण बागेबाहेर आल्यावर उभी करा. आणि कमान नसेल तर बेल्ट लावू नका, कारण मग तो तुम्हाला ट्रॅक्टरखालीच धरून ठेवतो.

चालवण्याचे नियमही सोपे आहेत. उताराला आडवं शक्यतो जायचं नाही, सरळ वर किंवा सरळ खाली. मागे रोटाव्हेटर लावला असेल तर तीव्र चढ रिव्हर्समध्ये चढायचा, म्हणजे जड बाजू वर राहते. ट्रॉली नेहमी खालच्या हुकालाच जोडायची. पीटीओ शाफ्ट मिनिटाला 540, म्हणजे सेकंदाला 9 फेरे घेतो. त्यावर गार्ड हवाच, आणि खांद्यावरचा पंचा घरी.

पैशांचं बोलायचं तर 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झालाय. अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करता येतो. मात्र तो मंजूर होण्याआधी खरेदी करू नका. सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, तेही विचारा. जूनमध्ये ट्रॅक्टर बंद पडला तर लावणी तुमच्यासाठी थांबत नाही.

आणि डेमो आपल्याच जागेत मागा. शोरूमच्या फरशीवर सगळेच ट्रॅक्टर शहाणे असतात! आमच्याकडे डेमो झाला तेव्हा काका सगळं नीट बघून म्हणाले, "बैल खाचराच्या टोकाला आपणहून थांबायचे रे. याला कोण सांगणार थांब म्हणून?"

ग्रुपवर त्यानंतर पन्नास एचपीचं नाव निघालं नाही. ठरलंय ते असं : फोर व्हीलवाला छोटा ट्रॅक्टर, रोल बारसकट. खालची चिंचोळी खाचरं भाड्याच्या पॉवर टिलरवर. आम्ही तो महिन्यातून एखाद्या वीकेंडला चालवणार, काका रोज. त्यामुळे कुठला घ्यायचा हे आम्ही ईएमआय बघून नाही, तर त्या सीटवर कोण बसणार हे बघून ठरवलं. तुम्हीही तसंच ठरवा. रंग नंतर बघू!