हेझल डिकन्स : आवाजाच्या कौतुकात हरवलेली गीतकार



अमेरिकेतील ब्लूग्रास गायिका हेझल डिकन्स हिच्याविषयी लिहिताना तिचा आवाज रांगडा, अनघड आणि ‘अस्सल’ असल्याचे कौतुक पहिल्या चार ओळींतच उरकले जाते. मग वेस्ट व्हर्जिनियाचा खाणपट्टा, अकरा भावंडांचे गरीब घर, बाल्टिमोरच्या कारखान्यांतल्या नोकऱ्या असा चरित्राचा पाढा सुरू होतो. यात खोटे काही नाही. पण एवढ्यावर थांबले की गाणी रचणारी बाई नाहीशी होते आणि उरतो केवळ सोसण्याचा पुरावा. हेझल आधी गीतकार आहे आणि तिच्या ध्वनिमुद्रिकांचे मोल त्या अंगाने ठरायला हवे, असे माझे म्हणणे आहे.

‘ब्लॅक लंग’ हेच गाणे घ्या. कोळशाच्या धुळीने फुफ्फुसे निकामी होऊन भाऊ गेला, त्यातून ते आले. राउंडर कंपनीच्या १९७३च्या ‘कम ऑल यू कोल मायनर्स’ या संग्रहात ती ते वाद्यांविना गाते. साथीला कोणी मिळाले नाही म्हणून? सहगायिका अ‍ॅलिस जेरार्डबरोबरच्या फोकवेज कंपनीच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत, १९६५ साली, तिच्यामागे लमार ग्रियरचा बँजो, डेव्हिड ग्रिसमनचे मँडोलिन आणि ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मन्रोच्या १९४०च्या दशकातल्या वाद्यवृंदात वाजवलेल्या चबी वाइजचे फिडल होते. ब्लूग्रासचा भरगच्च साज ज्या गायिकेला ठाऊक आहे, तिने तो या गाण्यापुरता दूर ठेवला. वडिलांच्या प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट पंथातले वाद्याविना गाणे लहानपणापासून कानावर होते. त्याचा ताण कुठे कामी येईल, हे तिने ओळखले. ही निवड आहे, आणि निवड करणाऱ्याला अनघड म्हणत नाहीत. ‘डोन्ट पुट हर डाउन, यू हेल्प्ड पुट हर देअर’मध्ये तर ती कंट्री संगीतातला जुनाच विषय उचलते. दारूच्या गुत्त्यातल्या बाईला दोष देणाऱ्या पुरुषांना कंट्री गायिका किटी वेल्सने १९५२ साली गाण्यातून सुनावले होते, पण ते गाणे लिहिले होते एका पुरुषाने. हेझल स्वतः लिहिते, आणि बाईची कीव न करता थेट पुरुषाला जाब विचारते.

यावर कोणी म्हणेल की तिचे जगणे आणि गाणे वेगळे काढताच येत नाही. ‘हार्लन काउंटी यूएसए’ या खाणकामगारांच्या संपावरील, ऑस्कर मिळालेल्या माहितीपटात तिची गाणी शोभली ती त्यामुळेच. जगण्यातून आशय मिळतो, हे मान्य. पण कोळशाच्या धुळीच्या आजाराने हजारो घरांतली माणसे नेली, आणि त्या हजारो घरांतून ‘ब्लॅक लंग’ निघाले नाही. शिवाय सगळी जादू तिच्या आवाजातच असती, तर तिची गाणी दुसऱ्याच्या गळ्यात टिकली नसती. लिन मॉरिस या अगदी वेगळ्या, नितळ गळ्याच्या गायिकेने तिचे ‘मामाज हँड’ गायले आणि १९९६ साली आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संगीत संघटनेने त्याला वर्षातील सर्वोत्तम गीत ठरवले.

दुसरा आक्षेप खपाचा. तिच्या ध्वनिमुद्रिका छोट्या कंपन्यांनी काढल्या आणि बाजारात त्यांचा मोठा गाजावाजा कधीच झाला नाही, हे खरे. मात्र ब्लूग्रासचे व्यासपीठ तेव्हा बव्हंशी पुरुषांचे होते. बाई असलीच तर कुटुंबाच्या वाद्यवृंदात. दोन बायकांनी पुढे उभे राहून मुख्य सूर आणि वरचा सूर वाटून घेणे हेच अप्रूप होते. अशा बाजाराने दिलेला निकाल गाण्याविषयी फारसे सांगत नाही, बाजाराविषयी मात्र पुष्कळ सांगतो. अमेरिकी सरकारच्या कलानिधीने २००१ साली तिला राष्ट्रीय वारसा फेलोशिप दिली. ब्लूग्रासच्या हॉल ऑफ फेममध्ये मात्र हेझल आणि अ‍ॅलिस यांची नावे २०१७ साली लागली. हेझल त्याआधी सहा वर्षे, एप्रिल २०११मध्ये, गेली होती.

– एक वाचक, पुणे