काकडीची धावपट्टी आणि कंपनीचे आकाश

होस्टेलवर आल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला आपलं गाव सांगावं लागतं. मी "राहाता" म्हटलं की समोरचा म्हणतो, "राहतोस ते कळलं रे, पण कुठे राहतोस?" मग "शिर्डीजवळ" म्हणावं लागतं. आणि शिर्डीचा विमानतळ काकडी नावाच्या गावात आहे हे कळल्यावर तर विचारूच नका. "रनवेवर कोशिंबीर मिळते का?" हा प्रश्न मी आजवर किमान पन्नास वेळा ऐकला असेल.

पण या काकडीनेच मला एक विषय दिला. त्यावर माझं एक ठाम मत झालं आहे आणि ते मांडण्यासाठी हा लेख.

१ ऑक्टोबर २०१७ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते शिर्डी विमानतळाचं उद्घाटन झालं. मी तेव्हा सातवीत होतो. आमची पेरूची बाग राहात्याच्या दक्षिणेला आहे आणि तिथून विमानतळ हवाई अंतराने दहा-अकरा किलोमीटर. धावपट्टी पूर्व-पश्चिम. त्यामुळे पूर्वेकडून उतरणारं विमान जवळजवळ आमच्या डोक्यावरूनच जातं. त्या दिवाळीच्या सुट्टीत मी पेरू तोडायचं सोडून वरच बघत बसायचो. वडील ओरडायचे, "आरं, इमान काय रोजच जायाचंय, आधी क्रेट भर!" (पुढे अकरावीत टॅन थीटा शिकलो तेव्हा गणित केलं. उतरणीचा कोन ३ अंश धरला तर १० किलोमीटरवर विमानाची उंची साधारण ५२५ मीटर येते. म्हणजे मी उगाच मान मोडून घेत नव्हतो!)

मामेभावाच्या घरी एक जुना संगणक होता आणि त्यावर मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स, म्हणजे एफएसएक्स. मी मोठ्या आशेने विमानतळांची यादी उघडली. मुंबई होतं, पुणे होतं, शिर्डी नव्हतं. दादा म्हणाला, "येड्या, हा गेम २००६चा आहे. तुझी धावपट्टी तेव्हा कुठे होती?" खरंच होतं. मग मी मुंबईहून विमान उडवून अंदाजाने काकडीवर नेलं. खाली नुसती सपाट हिरवळ. ना धावपट्टी, ना कालवा, ना बाग. आपलं गाव जगाच्या नकाशावर आहे, पण खेळातल्या जगात नाही, याचं त्या वयात फार वाईट वाटलं.

"नाही तर बनव की मग!" दादा सहज बोलून गेला. तिथे मला पहिल्यांदा कळलं की मूळ खेळात नसलेली गोष्ट बाहेरचा माणूससुद्धा बनवून त्यात घालू शकतो. यालाच अ‍ॅड-ऑन म्हणतात. एक खेळ बनवणारी कंपनी, दुसरा खेळणारा, आणि ज्याला कोणी बोलावलेलं नाही तरी जो कामाला लागतो तो तिसरा, म्हणजे थर्ड पार्टी. कोणी विमान बनवतो, कोणी विमानतळ, कोणी हवामान. काही जण विकतात, बरेच जण फुकट देतात.

दहावीत, लॉकडाऊनच्या काळात, मी काकडी बनवायला घेतली. फुकट मिळणारी साधनं वापरून २५०० मीटरची धावपट्टी आखली, दोन्ही टोकांना ०९ आणि २७ हे आकडे टाकले (९० अंश आणि २७० अंश या दिशांतलं शेवटचं शून्य काढून टाकायचं, इतकं ते सोपं आहे) आणि मोठ्या थाटात विमान उतरवायला गेलो. पाहतो तर काय, धावपट्टी जमिनीपासून वर, एखाद्या ओट्यासारखी उभी! समुद्रसपाटीपासूनची उंची चुकली होती. दुरुस्त केली तर ती आता विहिरीत गेल्यासारखी खाली. शेवटी सुमारे १९०० फुटांच्या आसपास कुठेतरी जमलं. सिव्हिलच्या मित्रांनो, सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला तुम्ही कंटाळता, पण लेव्हल चुकली की काय होतं ते मी दहावीतच पाहिलं.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या तिसऱ्या माणसाचं पुढे काय होणार?

थोडा इतिहास बघू. ब्रूस आर्टविक या अमेरिकन अभियंत्याने सत्तरच्या दशकाच्या शेवटी घरगुती संगणकावर चालणारा सिम्युलेटर लिहिला आणि १९८२ साली तो मायक्रोसॉफ्टच्या नावाने आयबीएम पीसीवर आला. पुढे एकामागून एक आवृत्त्या निघाल्या. २००६ साली एफएसएक्स आला आणि जानेवारी २००९ मध्ये तो बनवणारा एसेस हा स्टुडिओच कंपनीने बंद केला. खरं तर खेळ तिथेच संपायला हवा होता. पण तो पुढे दहा वर्षांहून जास्त काळ चालला. कोणाच्या जिवावर? याच तिसऱ्या माणसांच्या. कंपनी निघून गेली तरी नवी विमाने, नवे विमानतळ येतच राहिले.

आता उलट उदाहरण बघा. फेब्रुवारी २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने "फ्लाइट" नावाचा नवा खेळ आणला. हवाईचं मोठं बेट फुकट, बाकीचं विकत, आणि सगळं फक्त कंपनीच्याच दुकानातून. बाहेरच्यांना प्रवेश बंद. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याचं काम थांबलं, म्हणजे सहा महिनेसुद्धा झाले नाहीत. केवळ याच एका कारणाने तो बुडाला असं मी म्हणणार नाही. पण ज्यांनी आधीच्या खेळाला जगवलं त्यांनाच दाराबाहेर ठेवल्यावर नव्या खेळाकडे आपलं म्हणून बघणार तरी कोण?

२०२० साली आलेल्या नव्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरने ही चूक केली नाही. बाहेरच्यांसाठी दार उघडं ठेवलं. शिवाय उपग्रहाची छायाचित्रे आणि नकाशे वापरून सगळी पृथ्वीच उभी केली. त्यामागचा साठा दोन पेटाबाइटहून अधिक आहे म्हणतात, म्हणजे वीस लाख जीबी! आपल्या होस्टेलच्या वाय-फायवर तो उतरवायला घेतला तर आपली नातवंडं पास आऊट होतील. म्हणून ही माहिती कंपनीच्या सर्व्हरवरून लागेल तशी येते. २०२४च्या आवृत्तीत तर आणखी बऱ्याच गोष्टी सर्व्हरवर गेल्या. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी ती बाजारात आली आणि सर्व्हरवर इतका ताण आला की पैसे मोजलेल्या असंख्य लोकांना पहिल्या दिवशी विमान धावपट्टीवरसुद्धा आणता आलं नाही.

यावर माझे काही मित्र म्हणतात, "आता पृथ्वी यंत्रच बनवतं, एआय घरं उभी करतो. मग तुझ्या काकडीची गरज काय?" हा प्रश्न मला गंभीर वाटतो. म्हणून एक गोष्ट सांगतो. २०२० साली या खेळात मेलबर्नच्या एका साध्या वस्तीत आभाळाला भिडलेला एक सुळका दिसू लागला. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशात कोणीतरी एका इमारतीचे मजले २ऐवजी २१२ लिहिले होते. पुढे नकाशातली चूक कोणीतरी सुधारली, पण खेळाने जुनी माहिती आधीच उचलली होती. यंत्राने निमूटपणे २१२ मजले बांधून टाकले!

तिथल्या शाळकरी पोरालाही ते बघून हसू आलं असतं. यंत्राला मात्र हसू येत नाही, कारण त्याने ती गल्ली पाहिलेली नाही. वरून बघून पत्र्याचा गोठा आणि बंगला यांतला फरक त्याला कळेलच असं नाही. २०२५ मध्ये शिर्डीला रात्रीची विमानं सुरू झाली. धावपट्टीवरचे दिवे कुठून कसे दिसतात हे आमच्या बागेतून दिसतं. म्हणून माझं मत असं की एआयमुळे तिसऱ्या माणसाचं काम संपणार नाही, बदलेल. सरसकट घरं, झाडं, डोंगर यंत्र करील. जे फक्त तिथल्या माणसाला माहीत आहे, ते मात्र तिथल्या माणसानेच करावं लागेल.

मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ती सांगायला पुन्हा आमच्या तालुक्यात यावं लागेल.

राहाता तालुक्यातल्या लोणीजवळ प्रवरानगर आहे. तिथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५०च्या सुमारास शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी साखर कारखाना उभा केला. का केला? ऊस पिकवायचा आपण आणि भाव ठरवायचा दुसऱ्याने, हे त्यांना नको होतं. सहकारातही भांडणं असतात, हे आमच्या तालुक्यातल्या माणसाला कोणी सांगायला नको. पण मूळ विचार पक्का होता. ऊस आपला असून भागत नाही, काटाही आपला लागतो.

अ‍ॅड-ऑन बनवणाऱ्यांचं नेमकं हेच आहे. मेहनत त्यांची, पण खेळ कंपनीचा, दुकान कंपनीचं, सर्व्हर कंपनीचा. उद्या कंपनीने फाइलचा प्रकार बदलला किंवा सर्व्हरच बंद केला तर वर्षभराचं काम एका रात्रीत निकामी. कंपनीला मी शिव्या देत नाही. दोन पेटाबाइटची पृथ्वी आपल्यासारखे चार जण मिळून उभी करू शकत नाहीत. पण आपलं काम तिच्या एकटीच्या ताब्यात द्यायचं की नाही, हे आपल्या हातात आहे.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. माझी ती काकडी आज नाही. खेळात चालणारी तयार फाइल तेवढी मी पेन ड्राइव्हवर घेतली होती आणि मूळ फाइली दादाच्या संगणकातच राहिल्या. बारावीच्या वर्षी तो संगणक भंगारात गेला. आणि जुनी फाइल नव्या सिम्युलेटरमध्ये जशीच्या तशी चालत नाही. सहा महिन्यांचं काम गेलं आणि त्यात दोष कोणत्याच कंपनीचा नव्हता, माझा होता. दळलेलं पीठ जपून ठेवलं आणि बियाणं फेकून दिलं!

मग करायचं काय? मार्ग आहेत. फ्लाइटगिअर नावाचा सिम्युलेटर १९९०च्या दशकापासून जगभरचे स्वयंसेवक चालवतात. तो फुकट आहे आणि त्याचा कोड कोणीही वाचू शकतो. एक्स-प्लेन हा सिम्युलेटर विकतचा आहे, पण त्याच्या सीनरी गेटवेवर कोणीही विमानतळ बनवून पाठवू शकतो. त्यासाठीचं वर्ल्डएडिटर हे साधन फुकट मिळतं. पाठवलेलं काम जीपीएल या मुक्त परवान्याखाली राहतं, तपासून पुढच्या आवृत्तीत घेतलं जातं आणि फ्लाइटगिअरवाल्यांनाही वापरता येतं. फ्लायबायवायर या गटाने तर २०२०च्या सिम्युलेटरसाठी एअरबस ए३२०निओ तयार करून फुकट दिलं, कोडसकट. कंपनीच्या खेळात राहूनही काटा आपल्याकडे ठेवता येतो तो असा.

"फुकट" शब्द ऐकून होस्टेलमधल्या काही डोळ्यांत चमक आली असेल, म्हणून एक कडू गोष्टही सांगतो. दादाकडचा तो एफएसएक्स कॉपी केलेला होता. विकतचं विमान क्रॅक करून वापरणं आपल्याकडे हुशारी समजली जाते. पण असं एखादं विमान दोन-चार जणांनी मिळून, रात्री जागून बनवलेलं असतं. बाजारात आपल्या पेरूचा क्रेट कोणी पैसे न देता उचलून नेला तर आपण त्याला हुशार म्हणू का? पैसे नसतील तर मुक्त असलेलं वापरा. तेही भरपूर आहे.

आता आमच्या सर-मॅडमना एक विनंती. "गेम" हा शब्द ऐकला की कपाळावर आठ्या येतात. साहजिक आहे, काउंटर स्ट्राइकने तेवढं नाव मिळवून ठेवलंय. पण एक्स-प्लेनमध्ये पंखाचे छोटे छोटे तुकडे पाडून प्रत्येकावरचं बल काढलं जातं, हे मेकॅनिकलच्या वर्गात सांगण्यासारखं आहे. विमानतळ बनवताना सर्व्हेइंग लागतं, ब्लेंडरमध्ये मॉडेल करताना ड्रॉइंग लागतं, कोड लिहायला संगणकवाले लागतात. दरवर्षी त्याच त्या लाइन फॉलोअर रोबोऐवजी एखाद्या गटाला मिनी प्रोजेक्ट म्हणून आपल्या भागातला एक विमानतळ द्या. दोनच अटी घाला. माहिती फक्त खुल्या नकाशांतून आणि सार्वजनिक जागेवरून घ्यायची, विमानतळाजवळ ड्रोन वगैरे उडवायचा नाही. आणि मूळ फाइली विभागाच्या ग्रंथालयात जमा करायच्या, म्हणजे पुढच्या बॅचला भंगारवाल्याकडे जावं लागणार नाही.

मी स्वतः काकडी पुन्हा बनवायला घेतली आहे. या वेळी मूळ मॉडेल ब्लेंडरमध्ये, मापं वेगळ्या वहीत आणि सगळ्याच्या तीन प्रती. धावपट्टी आखून झाली आहे. उंची मात्र पुन्हा अडते आहे, दोन नकाशे दोन वेगळे आकडे दाखवतात. सिव्हिलमधला कोणी कंटूर नीट वाचणारा असेल तर सबमिशन संपल्यावर मेसमध्ये गाठा. मोबदला म्हणून पेरू देईन, राहात्याचे. कोशिंबीर मात्र मिळणार नाही.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी